बोटीचं टपाल

मी एम.ए.ला व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंग्रजी साहित्य घेतलं, याची मुंबईहून डिमोनात येऊन वसलेल्या आमच्या मराठी ज्यू समाजात फारशी कुणी दखल घेतली नाही. घेतली ती फक्त आमच्या बिल्डिंगच्या मागे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी. मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, वेळी गाणी म्हणायला त्यांनाच बोलावत, त्यामुळे मत देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं ते धरून चालत. ते म्हणाले, “राणी मरून सत्तर वर्षं झाली, आन ही पोर आत्ता सुतकात बसली.”

आई हसली नाही. तिला त्यात अपशकुन दिसला. बाबा मात्र लोकांना इंग्रजीत ‘हायर स्टडीज’ एवढंच सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलत, कारण पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुंबईत ते गिरणीत सूतखात्यात होते, इथेही कापडाच्या कारखान्यातच लागले. देश बदलला, धागा तोच, असं ते म्हणत.

बीरशेबाचं विद्यापीठ तेव्हा नवं होतं. अर्ध्या इमारतींना प्लास्टर नव्हतं. आम्हाला शिकवायला आठवड्यातून एकदा जेरुसलेमहून एक प्राध्यापक येत. जन्म इंग्लंडचा, कोट जाड लोकरीचा आणि हातात कायम छत्री. नेगेवच्या वाळवंटात छत्री घेऊन फिरणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. ते वर्गात शिरले की आधी छत्री खुर्चीला टेकवून उभी करत, मग चष्मा पुसत आणि मग एखाद्याच्या मयताला बोलायला उभं राहावं तशा आवाजात सुरुवात करत. ‘नैतिक गांभीर्य’ हा त्यांचा आवडता शब्द. एका तासात तो किती वेळा येतो याच्यावर मागच्या बाकावरची मुलं सिगारेटींच्या पैजा लावत.

माझा विषय त्यांनीच सुचवला होता: व्हिक्टोरियन कादंबरीतला मृत्यू. त्या कादंबऱ्यांत माणसं फार व्यवस्थित मरतात. उशाशी दिवा, पायाशी नातेवाईक, आणि शुद्ध एवढी की दोन-तीन पानं बोलून मगच डोळे मिटायचे. आमच्या घरात माणसं कांद्याच्या भावाबद्दल बोलता बोलता अर्ध्या वाक्यात गेली होती, त्यामुळे त्या खोल्यांत मला करमेना. मी हळूच बाजूला सरकले आणि टपालाकडे गेले.

म्हणजे असं. त्या काळात इंग्लंडातला मुलगा हिंदुस्थानात नोकरीला यायचा, पलटणीत किंवा कचेरीत. तिथून घरी पत्र लिहायचा. पत्र बोटीतून महिनोन्‌महिने जायचं. इकडे त्याला पटकीनं गाठलेलं असायचं, खड्ड्यात ठेवून वर दगडही बसवलेला असायचा, आणि तिकडे आई नाश्त्याच्या टेबलावर मोठ्यानं वाचत असायची की आंबे गोड आहेत आणि घोडा खोडकर आहे. कधी कधी तर मृत्यूची बातमी एका बोटीनं आधी पोचायची, आणि त्याची आधीची पत्रं दुसऱ्या बोटीनं मागाहून यायची, मजेत असल्याची. कादंबऱ्यांत हे ओझरतंच येतं. मला तेच धरावंसं वाटलं. मुलगा गेल्यापासून आईला कळेपर्यंत जो वेळ जातो, त्याला मी ‘मधला काळ’ म्हणायचे. प्राध्यापकांनी त्याला एक लॅटिन नाव दिलं. ते मी पुढच्या आठवड्यापर्यंत विसरले.

या टपालाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही होतो. माझे पणजोबा त्याच राणीच्या पलटणीत सुभेदार होते. ब्रह्मदेशात की कुठे ते दोन वर्षं गेले होते. घरी पणजीला अक्षरओळख नव्हती आणि पणजोबांनाही बेताचीच, त्यामुळे पत्राचा प्रश्न नव्हता. पणजीनं कोकणातल्या घरी नवस बोलला: माणूस घरी आला की एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा करीन. माणूस आला, मलिदा झाला. इंग्रजांकडे टपाल होतं, आमच्याकडे नवस. दोन्हीत वाट बघायची असतेच. पण नवसाचा एक नियम पक्का होता: आधी माणूस, मग मलिदा.

त्र्याहत्तरची लढाई सुरू झाली त्या दिवशी यॉम किपूर होता. आमच्यातली जुनी माणसं त्याला दरफालनीचा सण म्हणत. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, उपास करायचा, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. रेडिओसुद्धा त्या दिवशी बंद असायचा. घरचे मेलेले त्या सणाला घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं आई मानायची. म्हणून ती आदल्या संध्याकाळपासून घरात हळू चालायची. कुणाला धक्का लागू नये म्हणून.

दुपारी भोंगा झाला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग आमच्या दारावर थाप. आईनं मान हलवली: उघडायचं नाही. थाप पुन्हा आली, दोन्ही हातांनी.

“उघडा! रेडिओ चालू झालाय!” खालच्या मजल्यावरची बाई हिब्रूत ओरडत होती. “यॉम किपूरला रेडिओ चालू झालाय, कळतंय का तुम्हाला?”

बाबांनी दार उघडलं. ही खालची बाई मोरोक्कोहून आलेली, आईच्याच वयाची. हिचा मुलगा आणि माझा धाकटा भाऊ एकत्र शाळेत होते, एकत्र नापास झाले आणि एकत्रच सैन्यात गेले. दोघं एकाच तुकडीत दारूगोळ्याचे ट्रक चालवत, तिकडे सरहद्दीवरच्या कालव्याच्या बाजूला. आई आणि ती मोडक्या हिब्रूत तासन्‌तास बोलायच्या. आमचं जेवण म्हणजे औषध, असं ती म्हणायची, आणि आमटीचा वाडगा मात्र रोज मागायची.

ती दारात उभी राहून म्हणाली, “शत्रू कालव्यावरूनच आलेत.”

 संध्याकाळी उपास सोडताना आई मला मराठीत म्हणाली, “घरात मेलेली माणसं बसलेली, आन आपण दार उघडलं गो.”

दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी फकीर-गरिबाला दान द्यायचं, एकमेकांकडे जायचं आणि आलेल्यांना नीट निरोप द्यायचा. पण दिवसभर आम्ही तळघरातल्या आसऱ्याला जाऊन-येऊन होतो. कुणाला कुणाचा निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही. आईच्या मते सणाला आलेले मेलेले परत गेलेच नव्हते. पुढचे दोन-तीन आठवडे ती जेवायला बसताना एक खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, “जागा लागते.”

आमच्या जिन्यात त्या आठवड्यात एक नवी रीत पडली. कुणी ठरवली नाही, आपोआप पडली. वर येणारा माणूस खालूनच ओरडायचा. “मी आहे! साखर मागायला आलेय!” “मी आहे, पाण्याचा मीटर बघायला!” पोस्टमन तर गाणं म्हणत चढायचा, आणि त्याचा गळा भयंकर होता. कारण सगळ्यांना माहीत होतं की जे न ओरडता येतात ते बातमी घेऊन आलेले सैन्याचे लोक असतात. दोघं-तिघं, कधी बरोबर डॉक्टर. ते हळू चढतात आणि नावाची पाटी वाचतात.

आईनं नवस बोलला तो त्याच आठवड्यात. दोन्ही पोरं घरी आली की मलिदा. तिनं खालच्या बाईलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, “तुमचा संत चांगला आहे का?”

“संत नाही, नबी आहे. मेलेला नाही तो. रथातून वर गेला.”

“मग बरा. माझ्या संताला मी मेणबत्त्या कबूल केल्यात. दोघं मिळून बघतील.”

सरकारी बसगाड्या सैन्यानं नेल्या होत्या, त्यामुळे सेमिनारला मी खनिजाच्या कारखान्याच्या ट्रकमधून जायचे. विद्यापीठ खरं म्हणजे उघडलेलंच नव्हतं. पण प्राध्यापकांनी जाहीर केलं की संस्कृती थांबत नसते. आम्ही ग्रंथालयाच्या तळघरात जमायचो. तोच आसरा होता, म्हणून भोंगा झाला तरी उठावं लागत नसे. सहा-सात मुली, एक लंगडा मुलगा, बाकी खुर्च्या रिकाम्या.

पहिल्याच दिवशी प्राध्यापक उभे राहिले, त्यांनी गैरहजर मुलांची नावं एकेक करून वाचली आणि डोळे मिटून स्तब्ध राहिले. आम्हीही उठलो. शेवटी त्या लंगड्या मुलाला राहवेना.

“सर, ती मेलेली नाहीत. ड्यूटीवर आहेत.”

“मला कल्पना आहे,” प्राध्यापक म्हणाले आणि आणखी थोडा वेळ स्तब्ध राहिले.

हे ते दर आठवड्याला करत. हिवाळा येईपर्यंत त्यातल्या एका नावाच्या बाबतीत ते बरोबर ठरले, आणि मग त्यांनी ती पद्धत बंद केली.

भावाचा काहीच पत्ता नव्हता. पोस्टकार्ड नाही, कुणाबरोबर निरोप नाही. रेडिओवर दुपारी सैनिकांचे निरोप लागत. आघाडीवर कुणीतरी मायक्रोफोन घेऊन फिरायचं आणि मुलं रांगेत उभी राहून घरच्यांना चार शब्द सांगायची. आई तो कार्यक्रम स्वयंपाकघरात बसून ऐकायची. तिला त्यातलं निम्मं कळत नसे. आवाज मात्र ती एकही सोडत नसे.

आणि एका दुपारी तो आला. हिब्रूतच सुरुवात केली: डिमोनातल्या आईबाबांना आणि बहिणीला सांगा, मी ठीक आहे. मग त्यानं खालच्या मुलाचं नाव घेतलं आणि म्हणाला, तोही इथे शेजारी उभा आहे, लाजतोय म्हणून बोलत नाही, त्याच्या आईला सांगा तो माझ्या वाटचंही खातो. मागं कुणीतरी हसलं. निवेदक पुढच्याकडे वळत असताना त्यानं घाईनं मराठीत म्हटलं, “आई, मी बरा हाय.”

हा मुलगा बारा वर्षांचा झाल्यापासून आईच्या मराठीला हिब्रूत उत्तर देत होता. तिनं ‘जेवलास का’ विचारलं की ‘केन’, म्हणजे हो, ‘कुठे चाललास’ विचारलं की ‘बाहेर’, तेही हिब्रूत. आई रेडिओसमोर तशीच उभी राहिली, हातात लाटणं. मग लाटणं ठेवून जिन्यात गेली आणि कठड्यावरून खाली ओरडली, “तुझा पण! तुझा पण आहे! शेजारीच आहे!”

खालची बाई पायऱ्यांवर बसून रडली. मग उठून म्हणाली, “माझ्या मुलाला बोलायला काय झालं होतं? गाढव!” आणि परत रडली.

त्या आठवड्यात सेमिनारमध्ये मी हे सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही. सगळेच आपापलं सांगत होते. मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी मात्र चष्मा काढला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“पण हे थेट नसतं, तुम्हाला माहीत असेलच,” ते म्हणाले. “टेपवर घेतात, जीपनं मागे पाठवतात, पाठीमागे कुणीतरी तपासतं, मग लागतं. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. म्हणजे तुमचाच विषय! बोटीचं टपाल! प्रबंधाची यापेक्षा सुंदर सुरुवात असूच शकत नाही.”

ते मनापासून खूश झाले होते. मी म्हणाले, “हो, सर.”

परतीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर बातम्या लावून बसला होता. त्या आवाजामागे तोफा ऐकू येत होत्या. टेप कधीची होती? आपल्या फौजेनं कालवा ओलांडायच्या आधीची? नंतरची? ग्रंथालयात मी अशा आयांची कितीतरी पत्रं वाचली होती, ज्या उत्तरं लिहीत बसल्या होत्या. लोकरीचे मोजे पाठवते आहे. घोड्यावर फार बसू नकोस. मी माझ्या नकलांच्या समासात बारीक अक्षरात ‘आधीच मृत’ असं लिहून ठेवायचे, संदर्भासाठी. अक्षर सुबक होतं माझं.

घरी पोचले तर आई परातीत पोहे निवडत होती. ओट्यावर केळी, सफरचंदं, खजूर, पाकिटातला सुका खोबऱ्याचा कीस. ओला नारळ तेव्हा मिळायचा नाही.

“उद्या मलिदा आहे,” ती म्हणाली. “प्रार्थनेच्या दहा पुरुषांसाठी दहा म्हातारे जमवलेत. जवान कुणी नाही, पण म्हातारे चालतात.”

“आई, तो अजून आला नाही.”

“आवाज आला.”

मी स्टुलावर बसले. कसं सांगायचं ते ट्रकमध्ये मी ठरवून आले होते, पण त्यातलं काही आठवेना. “आई, ते रेडिओवर जे लागतं ना, ते त्या वेळचं नसतं. आधी भरून घेतात. तो कधी बोलला ते आपल्याला...”

“टेप असते,” आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

“मी भायखळ्याला ऑल इंडिया रेडिओ ऐकून वाढले. जंगलातनं नाय आले. टेप असते, ठाऊक आहे मला.” ती पोह्यातला एक खडा शोधत होती. “बाबालाही ठाऊक आहे. तुला सांगितलं नाय एवढंच.”

“मग मलिदा कशाला? नवस फिटल्यावर करतात. तूच सांगायचीस.”

“फिटल्यावर करतात, बरोबर.” खडा सापडला. तिनं तो खिडकीतून बाहेर टाकला. “पण एकदा आभार मानले की देणाऱ्याला द्यावं लागतं गो. लोकांसमोर आभार मानले, मग तो कसा नाय म्हणेल? लाज नाय वाटणार त्याला?”

एखाद्या दुकानदाराशी बोलावं तसं तिचं तोंड झालं होतं. नबीला अशी अडचणीत धरणारी बाई मी यापूर्वी पाहिली नव्हती. पुढेही कुठल्या पुस्तकात सापडली नाही. राणीच्या काळातल्या आया देवापुढे फक्त रडतात.

“आणि खालची? तिला ठाऊक आहे?”

आईनं परात उचलली. “तिला कशाला सांगू? तिच्या पोराचंही नाव घालतेय ना मी त्यात.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळे कागद लावलेल्या खिडक्यांच्या आत मलिदा झाला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलदोडा, वर फळं रचलेली. मलिद्याची गाणी म्हणणारे काका आले तेच दारात थबकले.

“पोरगा कुठे आहे?”

“कालव्यावर,” बाबा म्हणाले.

“मग हे काय लावलंय?”

“त्याचा आवाज आला, काका,” आई आतून म्हणाली.

“आवाज म्हणजे पोरगा नव्हे, बाई. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली, मला अजून रोज सकाळी तिचा आवाज येतो. म्हणून काय मलिदा करू?”

“काका, तुम्ही बसा. पोहे सुकतात.”

काका बसले. आईसमोर बहुतेक लोक शेवटी बसतच. पण गाणं त्यांनी नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत धरलं, आणि बाकीचे म्हातारे त्यात मिळाले ते मिळाल्यासारखे वाटले नाहीत. नावं घ्यायची वेळ आली तेव्हा आईनं दोन्ही मुलांची नावं सांगितली. खालची बाई कोपऱ्यात बसली होती, डोक्याला चांगला रेशमी रुमाल बांधून. तिला शब्द कळत नव्हते, पण मुलाचं नाव कळलं. ती हसली आणि तिनं छातीवर हात ठेवला. वाटताना आईनं तिला पहिली मूठ दिली. ती चाखून म्हणाली, “हे मात्र औषध नाही. हे चांगलं आहे.” परत मागून घेतलं.

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. काका जाताना माझ्या कानाशी म्हणाले, “तू शिकलेली आहेस. तुझ्या आईला सांग, त्याला कोंडीत धरू नये. तो रथवाला आहे. त्याचं काही सांगता येत नाही.”

पुढच्या आठवड्यात लढाई थांबली म्हणून रेडिओनं सांगितलं. सकाळची वेळ. आई कपडे वाळत घालत होती, मी टेबलावर कागद पसरून बसले होते. जिन्यात पावलं आली. कुणी ओरडलं नाही.

आई गॅलरीतून आत आली. तिच्या हातात ओला टॉवेल होता. पाणी फरशीवर ठिबकत होतं. पावलं पहिल्या मजल्यावर थांबली, मग पुन्हा निघाली. दोन माणसं, कदाचित तीन. मी उठले नाही. माझ्या समोर जे पान होतं त्यावरचा एक शब्द मी पुन:पुन्हा वाचत होते, आणि तो कुठल्या भाषेतला आहे हे मला कळत नव्हतं.

पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. आम्ही तिसऱ्यावर होतो. बराच वेळ काही नाही. पाटी वाचत असतील. मग खाली दार वाजलं.

आईनं श्वास सोडला. मी ऐकला तो, तिनंही ऐकला. तिनं लगेच ओला टॉवेल तोंडावर दाबून धरला. आणि तेवढ्यात खालून ती किंकाळी आली.

ते सांगून गेले त्यावरून कळलं की तिचा मुलगा रेडिओवर निरोप लागला त्याच्या आदल्या दिवशीच गेला होता. ट्रक उडाला होता. म्हणजे पायऱ्यांवर बसून ती त्याला गाढव म्हणाली, तेव्हा तो नव्हता. रेशमी रुमाल बांधून ती वर आली, तेव्हा नव्हता. त्या ट्रकवर आणखी कोण होतं ते त्या लोकांनी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ते वरच्या मजल्याचं काम त्यांच्याकडे नव्हतं.

दोघं एकाच ट्रकवर असायचे.

शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस खालच्या घरी माणसांची ये-जा होती. आई रोज जेवण घेऊन खाली जायची. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. ती बाई जमिनीवर बसली होती, रीतीप्रमाणे कुडत्याची गळपट्टी फाडलेली. तिनं आईकडे बघितलं.

“तुझा?”

“काही कळलं नाही,” आई म्हणाली.

“कळेल,” ती म्हणाली. ते धीर देण्यासाठी म्हटलं की दुसऱ्या कशासाठी, हे मला सांगता येणार नाही. मग तिनं विचारलं, “तू त्याचं नाव घेतलं होतंस ना? मी ऐकलं होतं.”

“घेतलं होतं.”

“दोघांचं एकदमच घेतलंस?”

“आधी माझ्याचं. मग तुझ्याचं.”

बाईनं मान हलवली, जणू हिशेब लागला. आईनं भांडं खाली ठेवलं.

वर आल्यावर आई म्हणाली, “एकाचंच घेतलं असतं तर?” बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, “एकाचं म्हणजे कुणाचं?”  त्या दिवसापासून आईनं नबीचं नाव घेणं सोडलं. रागानं नव्हे. ज्याच्याशी आपण जास्तच सलगी केली त्याच्यापासून माणूस लांब राहतो, तशी.

मी सेमिनारला गेले. प्राध्यापकांनी विचारलं, सुरुवात लिहून झाली का? मी म्हणाले, बोटीच्या वेळापत्रकापासून सुरू करते आहे. त्यांना ते शुष्क वाटलं. “त्या आवाजाचं काय झालं? तुमच्या भावाच्या?”

“अजून मधला काळ चालू आहे, सर.”

ते छत्री नीट टेकवू लागले. ती नीटच होती. समासातले ते सुबक शेरे मी घरी येऊन खोडले. एवढंच मला करता आलं. ज्या आया मोजे विणत होत्या त्यांना मी ओळखत नव्हते, पण कुणी आपल्या पत्राच्या कडेला असं लिहावं हे मला आता सहन होत नव्हतं.

नोव्हेंबरात थंडी पडली. सैन्याच्या कचेरीत बाबा रोज जायचे. तिथली मुलगी रोज म्हणायची की यादीत नाव नाही. कुठल्या यादीत, हे बाबा विचारत नसत. जखमींच्या यादीत नसणं एक, मेलेल्यांच्या यादीत नसणं एक, आणि कुठल्याच यादीत नसणं हे तिसरंच. आईचं जेवण कमी झालं. रेडिओ तिनं कपाटावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. जिन्यात लोक अजून ओरडत चढायचे, पण दुसऱ्या मजल्यावर आले की आवाज खाली करायचे, आणि तिसऱ्यावर येईपर्यंत परत चढवायला विसरायचे. त्यामुळे आमच्या दाराशी सगळेच न ओरडता येत. दर वेळी आई हातातलं काम धरून उभी राहायची.

एका शुक्रवारी दुपारी आई मासळीचं कालवण करत होती. नाक्यावरच्या दुकानदाराचा मुलगा रस्त्यावरून ओरडला. काय ओरडला ते नीट कळलं नाही, पण त्यात भावाचं नाव होतं. बाबा गॅलरीत धावले. “आला,” ते म्हणाले. आणि मग परत, जणू कुणी विश्वास ठेवला नव्हता, “अगं, आला! चालतोय!”

आम्ही तिघं जिन्याच्या कठड्याशी गेलो. खाली त्याचं डोकं दिसलं, खूप वाढलेले केस, खांद्याला पिशवी. तो हळू चढत होता.  दुसऱ्या मजल्यावर येऊन तो थांबला. त्यानं वर बघितलं नाही. पिशवी खाली ठेवली, शर्ट खोचला आणि त्या दारावर बोटानं वाजवलं.

खालची बाई दारात आली. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याचे दोन्ही कान धरले, लहान मुलाला धरतात तसे, आणि त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. तो मान झुकवून उभा होता. मला वाटलं ती मारेल त्याला. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिची बोटं माझ्या दंडात रुतली.

“शेजारी होतास तू?” बाईनं विचारलं.

तो म्हणाला, “पाणी आणायला गेलो होतो.”

 मग तिनं कान सोडले आणि वर बघितलं, सरळ आईकडे.

“आज आधी माझ्याकडे जेवेल,” ती म्हणाली. तिनं विचारलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरातून कालवणाचा वास जिन्यात उतरला होता. सगळ्यांनाच येत असणार. भावानं आता वर बघितलं, आणि आईला बघून त्याचा खालचा ओठ हलला.

“जेवू दे,” आई म्हणाली. मराठीत म्हणाली, पण खालच्या बाईला कळलं. तिनं त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

बाबा खाली जायला निघाले होते. आईनं त्यांना बाहीला धरून थांबवलं. मग ती घरात गेली आणि कालवणाखालचा गॅस बंद केला.